गोटा आधीचा की खडक आधीचा? पिंडाश्म ओळखण्याची रीत

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांच्या पायाखालचा खडक लाव्हा थिजून झालेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांमधून बाहेर पडलेल्या लाव्हाचे थरावर थर साचले. पारसिकची टेकडी, येऊरचे डोंगर आणि खारघरचे कडे हे सगळे त्याच बेसाल्टाचे, म्हणजे आपण ज्याला काळा दगड म्हणतो त्याचे, झिजून उरलेले भाग आहेत. अशा प्रदेशात गाळापासून बनलेला खडक मुळातच क्वचित सापडतो. तरीही डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला, ओढ्याकाठी किंवा खाडीच्या बांधावर हिंडणाऱ्या माणसाला असे दगड वारंवार दिसतात, ज्यांच्या अंगात लहानमोठे गोल गोटे घट्ट बसलेले असतात. शाळेच्या पुस्तकातील आकृती आठवून बहुतेक जण त्याला पिंडाश्म, म्हणजेच काँग्लोमरेट, ठरवून टाकतात, आणि आपल्या भागात तरी हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो.

पिंडाश्म हा ओळखायला सर्वांत सोपा खडक समजला जातो. माझ्या मते ही समजूतच गोंधळाचे मूळ आहे, कारण गोटे असलेला प्रत्येक दगड पिंडाश्म नसतो आणि केवळ दिसण्यावरून निर्णय करता येत नाही. हातातील दगडाला एक नेमका प्रश्न विचारावा लागतो: यातला गोटा आधीचा की त्याला धरून ठेवणारा खडक आधीचा? गोटा आधी कुठेतरी घडला, मग वाहत आला आणि नंतर खडकात अडकला, असे दाखवता आले तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर कसे काढावे याविषयी आहे.

पिंडाश्म म्हणजे काय

गाळाच्या खडकांचे पहिले वर्गीकरण कणांच्या आकारावरून होते. अमेरिकी भूवैज्ञानिक चेस्टर वेंटवर्थ यांनी 1922 मध्ये मांडलेली मापनश्रेणी आजही जगभर वापरली जाते. तिच्यानुसार 2 मिलिमीटरपेक्षा लहान कण वाळूत किंवा त्याहून बारीक गाळात मोडतात, आणि त्याहून मोठे सगळे कण भरड मानले जातात. भरड कणांतही पायऱ्या आहेत: 2 ते 4 मिलिमीटरची कणी, 4 ते 64 मिलिमीटरचे खडे, 64 ते 256 मिलिमीटरचे गोटे आणि त्यापुढचे धोंडे. साधारणपणे 30 टक्क्यांहून अधिक भाग असा भरड असेल आणि त्याच्या कडा गोलावलेल्या असतील, तर घट्ट झालेल्या त्या थराला पिंडाश्म म्हणतात. तुकडे भरडच पण अणकुचीदार, कोनदार असतील तर त्याच खडकाला कोणाश्म, म्हणजे ब्रेशिया, असे वेगळे नाव आहे.

हा फरक वरवरचा नाही. डोंगराच्या कड्यावरून सुटलेला तुकडा कोनदार असतो. तो पायथ्याशीच पडून राहिला तर कोनदारच राहतो. ओढ्यात लोटला गेला तर इतर तुकड्यांवर आदळत, घासत पुढे सरकतो, त्याचे टोकदार कोपरे सर्वांत आधी तुटतात, मग कडा झिजतात आणि शेवटी गुळगुळीत गोटा उरतो. चुनखडकासारखा मऊ दगड थोड्याच किलोमीटरच्या प्रवासात गोल होतो, तर गारगोटीसारख्या कठीण दगडाला त्यासाठी कितीतरी लांबचा पल्ला लागतो किंवा समुद्रकिनाऱ्यावर लाटांखाली दीर्घकाळ घोळवून घ्यावे लागते. गोलाई म्हणजे प्रवासाची नोंद, असे म्हणायला हरकत नाही, फक्त ती नोंद वाचताना दगड मऊ आहे की कठीण याचा हिशेब करावा लागतो.

पिंडाश्मात गोट्यांखेरीज आणखी दोन घटक असतात आणि ओळख पटवताना तेच अधिक उपयोगी ठरतात. गोट्यांमधल्या मोकळ्या जागेत वाळू, माती किंवा बारीक कणी शिरलेली असते. तिला आधारक म्हणतात. ही जागा भरल्यानंतरही जी सूक्ष्म छिद्रे उरतात, त्यांतून भूजल झिरपत राहते आणि त्यात विरघळलेला चुना, सिलिका किंवा लोह हळूहळू बसत जाऊन सगळ्याला सांधते. ते संयोजक द्रव्य. चुन्याने सांधलेला पिंडाश्म पांढुरका दिसतो आणि त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास फसफसतो. लोहाने सांधलेला तांबूस किंवा तपकिरी असतो. सिलिकाने सांधलेला इतका घट्ट होतो की हातोडीच्या घावाने फूट पडते ती गोट्याला वळसा न घालता त्याच्या आरपार जाते. कच्च्या सांधणीच्या खडकात मात्र गोटा अख्खा निखळून येतो आणि मागे त्याच्या आकाराची खळी राहते.

गोटे मुळात कुठे साचतात हे समजले तर हा खडक कुठे शोधावा हेही समजते. मोठा दगड वाहून नेण्यासाठी पाण्याला वेग लागतो आणि वेग उतारावर मिळतो. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी कर्जतच्या परिसरात गोटे आणि धोंडे घेऊन वाहताना दिसते, पण जसजसा उतार मंदावतो तसतसा जड माल ती मागे टाकत जाते. कल्याणच्या पुढे भरती-ओहोटीचे पाणी नदीत शिरते, प्रवाह आणखी संथ होतो आणि खाडीपर्यंत पोचतो तो प्रामुख्याने बारीक गाळ. ठाण्याच्या खाडीत पाय टाकला की गुडघाभर चिखल लागतो आणि गोटे लागत नाहीत, याचे कारण हेच आहे. आजचा हा सगळा पट्टा कधीकाळी गाडला जाऊन घट्ट झाला, तर कर्जतच्या बाजूला पिंडाश्म, त्याच्या खालच्या अंगाला वालुकाश्म आणि ठाण्याच्या बाजूला चिकणमातीचा पत्थर तयार होईल. जुन्या खडकांत पिंडाश्माचा थर सापडला की भूवैज्ञानिक जवळच्या उंच प्रदेशाचा किंवा वेगवान पाण्याचा शोध घेऊ लागतात, ते याच तर्काने.

आपल्या भागातील फसवे दगड

आता त्या प्रश्नाकडे वळू. भूशास्त्रात एक साधे आणि भक्कम तत्त्व आहे: एखाद्या खडकात दुसऱ्या खडकाचा तुकडा अडकलेला असेल, तर तो तुकडा त्या खडकापेक्षा जुना असलाच पाहिजे. पण अडकलेला तुकडा आणि तिथेच नंतर वाढलेली गाठ या दोन गोष्टी पाहताक्षणी सारख्याच दिसू शकतात, आणि ठाणे-नवी मुंबईत नेमके असेच दगड विपुल आहेत.

सर्वांत जास्त फसवतो तो गाठींचा बेसाल्ट. लाव्हा पसरत असताना त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात, आणि वरचा भाग लवकर थिजल्यामुळे त्यातले बरेच तिथेच अडकून पोकळ्या होतात. पुढे या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी खेळत राहते आणि आतून झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी किंवा कॅल्सिडोनी (गारगोटीचाच अतिसूक्ष्म कणांचा प्रकार) या खनिजांचे थर बसत जाऊन पोकळी भरून निघते. काळ्या दगडात पांढऱ्या, हिरवट किंवा गुलाबी गोल गाठी असा जो खडक खाणींत आणि डोंगर कापलेल्या जागी दिसतो, तो हाच. इथे खडक आधीचा आणि गोटा नंतरचा, म्हणजे पिंडाश्माच्या बरोबर उलट. पडताळा सोपा आहे. भिंग घेऊन गाठीची कड पाहावी. तिच्याभोवती बहुधा हिरव्या खनिजाची पातळ साल असते, आतील खनिज कडेकडून मध्याकडे वाढत गेलेले असते आणि पुष्कळदा मधोमध थोडी पोकळी राहून तिच्यात स्फटिकांची टोके डोकावत असतात. वाहत आलेल्या गोट्यात असे होण्याचे कारण नाही. शिवाय दोन गाठींच्या मधला भाग पाहावा: तिथे वाळूचे कण सुटेसुटे दिसत नाहीत, एकसंध काळा बेसाल्टच असतो. गाठी एकाच दिशेने लांबट झालेल्या असतील तर ती लाव्हाच्या वाहण्याची दिशा असते.

दुसरा फसवा प्रकार आकाराने मोठा आहे आणि बांधकामाच्या जागी त्याचे परिणामही मोठे होतात. पारसिकच्या डोंगरातून जाणाऱ्या मुंब्रा बाह्यवळण रस्त्यासारख्या ठिकाणी किंवा कुठल्याही जुन्या मुरुमाच्या खाणीत, तपकिरी मुरुमात गोल गोल धोंडे बसवल्यासारखे दिसू शकतात. पाहणाऱ्याला वाटते की ही जुन्या नदीची गोट्यांनी भरलेली तळजमीन असावी. प्रत्यक्षात इथे काहीही वाहून आलेले नाही. थंड होताना बेसाल्टला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि खडक चौकोनी ठोकळ्यांत विभागला जातो. भेगांतून शिरलेले पाणी या ठोकळ्यांना कुजवू लागते. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा हल्ला एकाच अंगाने होतो, कडेवर दोन अंगांनी आणि कोपऱ्यावर तीन अंगांनी. म्हणून कोपरे सर्वांत आधी झिजतात आणि चौकोनी ठोकळ्याच्या पोटात गोल गाभा शिल्लक राहतो, ज्याचे पापुद्रे एकावर एक सुटत जातात. इथे गोटा आणि भोवतीचा मुरूम एकाच वयाचे, एकाच खडकाचे आहेत. गाभ्याकडून बाहेर येताना कठीण दगड, मग ठिसूळ पापुद्रे, मग मुरूम असा क्रमाक्रमाने बदल दिसतो. खऱ्या पिंडाश्मात गोट्याची कड स्पष्ट असते आणि कडेच्या पलीकडे एकदम वेगळा पदार्थ सुरू होतो. शेजारशेजारचे धोंडेही पाहावेत: कुजलेल्या बेसाल्टात ते मूळच्या ठोकळ्यांच्या रांगेतच उभे असतात आणि सगळे एकाच जातीचे असतात, वाहून आलेल्या मालाला अशी रांग नसते.

इमारतीच्या पायासाठी बोअर घेणाऱ्यांना हा फरक कळणे फार गरजेचे आहे. नवी मुंबईच्या खाडीलगतच्या भागात वरचा भराव आणि मऊ खाडीमाती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली पक्का खडक. मुरुमात राहिलेला एखादा मोठा गाभा बोअरच्या नळीला लागला की पक्का खडक आला असा समज होऊ शकतो, आणि त्याखाली पुन्हा मऊ मुरूम असतो. म्हणून खडक लागल्यावरही पुरेशा खोलीपर्यंत नमुना काढत जावा लागतो आणि शेजारच्या बोअरशी तो ताडून पाहावा लागतो. नदीच्या गोट्यांचा थर असता तर पाण्याचे झिरपणे आणि भार पेलण्याची ताकद या दोन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या असत्या. दोन्हींना अहवालात नुसते ‘बोल्डर’ लिहिले की वाचणाऱ्याला यातले काहीच समजत नाही.

तिसरा दगड असा की तो पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तो ज्वालामुखी कोणाश्म आहे. येऊरच्या बाजूने ठाणेकर ज्या जंगलात जातात त्याच उद्यानाचा हा भाग. स्फोटक उद्रेकात जुन्या खडकाचे तुकडे उडाले, राखेत मिसळले आणि तिथेच घट्ट झाले. यात तुकडे नक्कीच आधीचे आहेत आणि खडक नंतरचा. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: तुकडे आणले कोणी? लेण्यांच्या भिंतीकडे नीट पाहिले तर तुकड्यांचे कोपरे शाबूत आहेत, लहानमोठ्यांची कसलीही निवड झालेली नाही आणि मधल्या भागात धुतलेल्या वाळूऐवजी राखेचा बारीक पदार्थ आहे. पाण्याने वाहून आणल्याची एकही खूण नाही. इथे हातोडी तर सोडाच, भिंतीला ओरखडाही काढू नये. ते संरक्षित स्मारक आहे आणि उद्यानातून दगड उचलून आणणेही योग्य नाही. पाहण्यासाठी डोळे आणि भिंग पुरेसे आहे.

जांभ्याच्या काही चिऱ्यांत वाटाण्याएवढ्या तांबड्या गोळ्या दिसतात. त्या लोहाचे थर जागच्या जागी साचून वाढलेल्या असतात, फोडल्यावर आत वर्तुळाकार थर दिसतात, आणि तो विषय तिथेच संपतो.

उरला तो शहरातला सर्वांत सामान्य नमुना, म्हणजे काँक्रीट. खाडीच्या बंधाऱ्याजवळ, जेट्ट्यांच्या आसपास पडलेले जुन्या काँक्रीटचे तुकडे भरतीच्या पाण्याने गोलावतात, त्यांच्यावर कालवे आणि शेवाळ चढते आणि मग ते अगदी नैसर्गिक वाटू लागतात. व्याख्येच्या दृष्टीने काँक्रीटमध्ये पिंडाश्माचे तीनही घटक आहेत: खडी, रेती आणि सिमेंट. खडी खडकापेक्षा जुनी आहे, आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसही होते, म्हणजे दोन्ही नेहमीच्या कसोट्या इथे निरुपयोगी ठरतात. पण क्रशरमधून आलेली खडी कोनदार असते, चाळणीने निवडल्यामुळे ठरावीक मापाची असते आणि आपल्याकडे ती सगळीच्या सगळी काळ्या दगडाची असते. सिमेंटच्या भागात हवेचे छोटे गोल बुडबुडे अडकलेले असतात, एखादी बाजू साच्याच्या फळीमुळे अस्वाभाविक सपाट असते आणि कुठेतरी सळईच्या गंजाचा डाग असतो. नदी इतक्या काटेकोरपणे खडी चाळत नाही.

खरा पिंडाश्म कुठे पाहावा

मुंबई-वसईपासून दक्षिणेकडे कोकण किनाऱ्यावर ठिकठिकाणी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एक भुरकट खडक आढळतो. त्याला करळ म्हणतात. शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चुन्याने सांधून तो बनतो, आणि जिथे त्यात किनाऱ्यावरचे गोटे मिसळलेले असतात तिथे तो तरुण पिंडाश्मच ठरतो. बेसाल्टाच्या कोट्यवधी वर्षांच्या तुलनेत त्याचे वय काही हजार वर्षांचेच आहे. उष्ण प्रदेशातील किनाऱ्यांवर ही सांधणी कमालीच्या वेगाने होऊ शकते. जगात काही ठिकाणी अशा खडकात काचेच्या बाटल्यांचे तुकडेही सांधले गेलेले सापडले आहेत. खडक होण्यासाठी नेहमी लाखो वर्षे लागतात, हा समज करळ पाहिल्यावर टिकत नाही.

घाट चढून पलीकडे गेले की आणखी चांगले नमुने मिळतात. गोदावरी, प्रवरा आणि त्यांच्या खोऱ्यांतील इतर नद्यांच्या काठांवर जुन्या पात्रातील गोट्यांचे थर चुन्याने घट्ट सांधलेले दिसतात. हे गोटे बहुतांशी बेसाल्टाचे असतात, त्यांच्या जोडीला गाठींच्या बेसाल्टातून सुटलेले कॅल्सिडोनी आणि अगेटचे, म्हणजे पट्टेदार कॅल्सिडोनीचे, खडे असतात. इथे वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. जी गाठ ठाण्याच्या डोंगरात खडकापेक्षा नंतरची होती, तसलीच गाठ मूळ बेसाल्ट झिजल्यावर सुटून, वाहत जाऊन, नव्या खडकात आधीचा गोटा म्हणून बसलेली आहे. त्यामुळे नुसती गाठ ओळखून भागत नाही, ती कशात बसली आहे हे पाहावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी अशाच थरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1954 पासून तिथे उत्खनन केले. हत्यारही भूशास्त्राच्या दृष्टीने एक गोटाच असते: ते त्या थरापेक्षा जुने किंवा फार तर त्याच्या वेळचे असते. पुरातत्त्वज्ञ थराच्या वयावरून माणसाच्या वावराचा काळ काढतात तेव्हा त्याच तत्त्वाचा आधार घेतात.

महाराष्ट्रातील याहून कितीतरी जुने पिंडाश्म दक्षिणेला, कलादगी नावाच्या खडकसमूहात आहेत. हा समूह कर्नाटकातील बागलकोटच्या परिसरातून कोल्हापूर आणि सिंधुदुर्गापर्यंत पोचतो. तिथे गोटे मुख्यतः पांढऱ्या गारगोटीचे आणि क्वार्ट्झाइटचे (उष्णता-दाबाने घट्ट झालेल्या वालुकाश्माचे) असतात, कारण बाकीचे मऊ दगड प्रवासात झिजून गेले आणि सर्वांत कठीण तेवढे टिकले. पिंडाश्मात एकाच जातीचे गोटे दिसले तर माल दीर्घकाळ घुसळून निघाला आहे किंवा उगमाकडे एकाच जातीचा खडक होता, यांपैकी एक शक्यता धरावी. प्रवरेकाठच्या थरांच्या बाबतीत दुसरी शक्यता खरी आहे, कलादगीच्या बाबतीत पहिली अधिक संभवते.

गोट्यांकडून काय काय समजते

पिंडाश्म निश्चित झाला की खरे वाचन सुरू होते. गोटे एकमेकांना टेकलेले आहेत की आधारकात सुटे सुटे तरंगत आहेत, हे पहिल्यांदा पाहावे. वाहते पाणी बारीक माल धुऊन नेते, म्हणून नदीच्या आणि किनाऱ्याच्या पिंडाश्मात गोटे एकमेकांवर टेकलेले असतात. चिखलाचा लोट डोंगरावरून आला तर धोंडे आणि माती एकत्रच येतात व एकत्रच थांबतात. तिथे गोट्यांच्या मध्ये बारीक मातीच जास्त दिसते. हिमनदीही असेच करते. ओडिशातील तालचेर येथे बारीक हिरवट गाळात मोठमोठे धोंडे विखुरलेले पाहून भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी 1856 मध्ये मत मांडले की हे काम बर्फाचे आहे. ते मत पुढे मान्य झाले. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती आणि तिच्यावर हिमनद्या होत्या. त्या थरांतील काही धोंड्यांवर बर्फाखाली घासल्याचे समांतर ओरखडे आणि सपाट घासलेल्या बाजू आजही दिसतात. आजच्या मे महिन्यात तालचेरला उभे राहून हे पटणे कठीण आहे, पण धोंड्यांवरील ओरखड्यांना दुसरे समाधानकारक स्पष्टीकरण नाही.

चपटे गोटे असतील तर त्यांची मांडणी पाहावी. वेगवान प्रवाहात चपटे गोटे एकमेकांवर रेलून, प्रवाहाच्या उगमाकडे कलून बसतात, कारण त्याच स्थितीत पाणी त्यांना सहज उलथू शकत नाही. पावसाळा सरल्यावर कर्जतजवळच्या कोरड्या पडलेल्या पात्रात हे प्रत्यक्ष पाहता येते आणि मग जुन्या खडकातला कल पाहून नाहीशा झालेल्या नदीची दिशा सांगता येते.

गोटा आधीचा, खडक नंतरचा, या साध्या क्रमातून किती दूरवर जाता येते याची काही उदाहरणे इथे द्यायलाच हवीत. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथील पिंडाश्म सुमारे 300 कोटी वर्षांपूर्वी साचला. पुढे उष्णता आणि दाबाने त्याचे रूप थोडे बदलले. त्याच्यातील झिरकॉन खनिजाचा एक सूक्ष्म कण सुमारे 440 कोटी वर्षांपूर्वीचा निघाला, आणि ते वय 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या खडकात तो कण मूळ जन्मला तो आता पृथ्वीवर कुठेच माहीत नाही. त्याच्या अस्तित्वाचा पुरावा फक्त या नंतरच्या खडकाने जपून ठेवला. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरांड येथील पिंडाश्मात 1886 मध्ये सोने सापडले आणि जोहान्सबर्ग शहर वसले. सोन्यापेक्षाही मला त्या खडकातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: त्यात लोह-गंधकाच्या पायराइट या खनिजाचे वाहत येऊन गोलावलेले कण आहेत. आजच्या नदीत पायराइट फार काळ टिकत नाही, हवेतील ऑक्सिजनमुळे ते गंजून जाते. म्हणजे ते कण वाहत होते तेव्हा, सुमारे 280 ते 290 कोटी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. आंध्र प्रदेशातील बनगनपल्लीच्या पिंडाश्मात हिरे मिळतात, तेही तिथे तयार झालेले नाहीत. खोल भूगर्भातून वर आलेला मूळ खडक झिजला आणि त्यातले हिरे गोट्यांबरोबर वाहत आले.

2012 च्या सप्टेंबरमध्ये नासाने मंगळावरील क्युरिऑसिटी या रोव्हरने टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. गेल विवरातील एका उघड्या पडलेल्या थरात गोलावलेले खडे वाळूत सांधलेले दिसत होते. इतके मोठे खडे वारा वाहून नेऊ शकत नाही, आणि त्यांची गोलाई राखेच्या स्फोटाने येत नाही. त्यावरून शास्त्रज्ञांनी अनुमान काढले की तिथे घोट्यापासून कमरेपर्यंत खोल असे वाहते पाणी होते. गोटा आधीचा आहे का आणि त्याला कोणी आणले, हेच दोन प्रश्न तिथेही विचारले गेले.

दगड हातात घेतल्यावर

दगडाची जुनी, हवापाण्याने काळवंडलेली बाजू फसवी असते, म्हणून शक्य असेल आणि जागा संरक्षित नसेल तर एक ताजा फोडलेला पृष्ठभाग पाहावा; तो पाण्याने ओला केल्यास गोट्यांच्या कडा अधिक स्पष्ट होतात. आधी गोट्यांकडे न पाहता दोन गोट्यांच्या मधल्या जागेकडे पाहण्याची सवय लावावी. तिथे वाळूचे सुटे कण असतील तर गाळाच्या खडकाची शक्यता वाढते, एकसंध काळा दगड असेल तर गाठींचा बेसाल्ट, ठिसूळ पापुद्रे असतील तर जागीच कुजलेला खडक. त्यानंतर निदान दहाबारा गोटे निवडून प्रत्येक कोणत्या दगडाचा आहे हे पाहावे, कारण एकाच गोट्यावरून केलेला निर्णय बहुधा टिकत नाही. खारघरच्या पांडवकड्यासारख्या ठिकाणी धबधब्याखाली ताजे धोंडे भरपूर असतात आणि गोलाईच्या पायऱ्या शिकायला ते उत्तम आहेत. मात्र पावसाळ्यात अशा जागी लोंढा अचानक येतो आणि धोक्यामुळे तिथे जाण्यास मनाई केली जाते, तेव्हा हिवाळ्यात, पाणी उतरल्यावर आणि वनखात्याची परवानगी असेल तरच जावे.

जाणकाराला छायाचित्र पाठवून विचारायचे असेल तर मापासाठी शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवावी, ताज्या आणि जुन्या अशा दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे आणि दगड नेमका कुठे, कड्यात बसलेला की सुटा पडलेला मिळाला, हे अवश्य लिहावे. सुटा दगड भरावाच्या ट्रकमधूनही आलेला असू शकतो आणि नवी मुंबईसारख्या भरावावर उभ्या असलेल्या शहरात ही शक्यता आधी तपासावी लागते.